अपयशातून ध्येयाकडे : कर्मवीर भाऊराव पाटील
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी यशाची उजळणी होणे स्वाभाविक आहे. संस्थेने काय उभारले, कोणी किती दान दिले, कोणाच्या हस्ते कोणती कोनशिला बसली, हे सारे सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आयुष्य गादीवर आणि रोजमेळावर गेले, त्याला हेही ठाऊक असते की खतावणीत जमेबरोबर नावेची बाजूही असते. म्हणून आज ज्या पुरुषाचे स्मरण करावयाचे आहे, त्याच्या आयुष्यातील नावेची बाजू आधी पाहू. जमेची बाजू महाराष्ट्राला पाठ आहे. भोरहून शिरवळमार्गे खंबाटकीचा घाट ओलांडला की सातारा, आणि साताऱ्यात रयत शिक्षण संस्था. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे एका दिगंबर जैन शेतकरी घराण्यात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. मुलगा अंगापिंडाने धिप्पाड, खोडकर, अन्याय दिसला की अंगावर धावून जाणारा. शिक्षणासाठी त्याला कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये घातले व राहण्याची सोय दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये झाली. त्या बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे पाहत होते. लठ्ठे हे विद्वान गृहस्थ. शिस्तीचे भोक्ते आणि सुधारणावादीही. पुढे १९३७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले.

भाऊराव एकदा अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनास बसावे, असा नियम त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी तो मानला नाही. परिणामी बोर्डिंग सुटले. राजर्षी शाहू महाराजांनी राजवाड्यात आश्रय दिला खरा, पण अभ्यासाची गाडी काही रुळावर आली नाही. मॅट्रिकचा टप्पा या मनुष्याला कधीच ओलांडता आला नाही.

जैन समाजाच्या व्यासपीठावरून ही गोष्ट बोलताना थोडा संकोच वाटावा, आणि तो योग्यच आहे. ज्याने पुढे हजारो निराधार मुलांना घर दिले, त्याला जैन बोर्डिंगचाच दरवाजा बंद झाला होता. लठ्ठ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. वसतिगृह चालवायचे तर नियम लागतात, हे कोणत्याही विश्वस्ताला मान्य व्हावे. तरीही बाहेर काढलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याची नोंद सहसा कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. भाऊरावांची नोंद राहिली, कारण ते भाऊराव होते.

शिक्षण अर्धवट, नोकरी नाही, घरी वडिलांची नाराजी, त्यात विवाहही झालेला. अशा स्थितीत त्यांनी साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या. स्वतः परीक्षेत मागे पडलेला हा तरुण इतरांच्या मुलांना इतक्या हौसेने शिकवू लागला की लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. १९१० च्या सुमारास दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम उभारला. येथे सगळे सुरळीत झाले असते, तर कदाचित ते एक चांगले शिक्षक म्हणून पंचक्रोशीत लक्षात राहिले असते.

तसे व्हायचे नव्हते. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला आणि संस्थानात खळबळ माजली. संशयाचे बोट लठ्ठ्यांकडे वळवण्यात आले. त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण येऊ लागले. क्षणभर थांबून या प्रसंगाचा विचार करावा. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले, ज्याच्यामुळे शिक्षण विस्कटले, त्याच्यावर सूड उगवण्याची संधी आपण होऊन दाराशी आली होती. दोन वाक्ये खोटी बोलली की संकट टळणार होते आणि जुने उट्टेही निघणार होते. भाऊरावांनी नकार दिला. तेव्हा त्यांच्यावरच बालंट आले, तुरुंगवास घडला, छळ झाला. त्या कोठडीत जीव नकोसा होऊन त्यांनी आत्मघाताचा प्रयत्न केला, असे त्यांची चरित्रे सांगतात. आज करारी मुद्रेच्या पुतळ्यांतून दिसणारा हा माणूस एके काळी इतका खचला होता, ही बाब भाषणांतून बहुधा गाळली जाते. ती गाळू नये. सभागृहातील एखाद्या तरुणाला नेमकी तीच ऐकण्याची गरज असेल.

सुटका झाली, पण हाती काय उरले? पदवी नाही, भांडवल नाही, आणि नावाला तुरुंगाचा डाग. अशा वेळी ध्येय शोधत बसण्याची चैन कोणाला परवडते? भाऊरावांनी मिळेल ते काम धरले. किर्लोस्करांच्या कारखान्याचे ते विक्रेते झाले आणि गावोगाव लोखंडी नांगर विकू लागले.

हा भाग व्यापारी समाजाने विशेष आस्थेने वाचावा. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला बनवलेले नांगर दीर्घकाळ गिऱ्हाईक न मिळता पडून राहिले होते. लक्ष्मणराव स्वतःही मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत हक्काची बढती नाकारली गेल्यावर नोकरी सोडून आलेले, पुढे बेळगावातून जागा सोडावी लागलेले गृहस्थ होते. १९१० साली कुंडलच्या माळावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. ठेच लागलेला कारखानदार आणि ठेच लागलेला विक्रेता अशी ही जोडी जमली. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागे, त्याच्या ओसरीवर मुक्काम करावा लागे, त्याचे कर्ज, त्याचे पीक, त्याच्या मुलांचे हाल ऐकावे लागत. या फिरतीत भाऊरावांना जो महाराष्ट्र दिसला, तो कोणत्याही महाविद्यालयाने त्यांना दाखवला नसता. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या बापाचा मुलगा शाळेपर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचलाच तर त्याला गावाबाहेर राहायला जागा नाही, हे त्यांनी नांगर विकता विकता पाहिले. ध्येय म्हणून ज्याचा गौरव होतो, ते त्यांना पोटापाण्याच्या वाटेवर भेटले. काही काळ त्यांनी साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही भाग घेतला. पुढे मतभेद होऊन तेही काम सुटले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये तिचा कारभार साताऱ्यास आला आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. एकाच पंक्तीत सर्व जेवत, एकच पाणी सर्व पीत. ज्या नियमावरून त्यांना स्वतःला बाहेर पडावे लागले होते, तो नियमच या घरात नव्हता. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या संस्थानाच्या तुरुंगात ते खितपत पडले, त्याच संस्थानाच्या अधिपतीचे नाव त्यांनी आपल्या पहिल्या मोठ्या कार्याला दिले. राजर्षींचे शिक्षणकार्य आणि आपल्यावर आलेला प्रसंग, ही दोन खाती त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत.

या कथेत लक्ष्मीबाईंचे स्थान तळटीपेचे नाही. कुंभोजच्या सुखवस्तू पाटील घराण्यातील ही कन्या सोन्याने मढून सासरी आली होती. बोर्डिंगच्या मुलांसाठी तिचे दागिने एकामागून एक गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठारात धान्य उरले नाही. तेव्हा तिने मंगळसूत्रही मोडायला दिले. जुन्या वळणाच्या जैन घरातील स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढणे, ही त्या काळी किती मोठी झेप होती, हे घरातील ज्येष्ठ भगिनी अधिक चांगले सांगू शकतील. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. भाऊराव तेव्हा त्रेचाळिशीच्या आतबाहेर होते. कोठारही रिकामे आणि घरही. दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, पुणे कराराच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग उघडले.

आता थोडे येथले. भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात जमीन थोडी आणि डोंगर फार. भाताच्या खाचरावर वर्ष निघत नाही म्हणून घरटी एखादा माणूस मुंबईला जाई. अनेकांना गिरण्यांनी पोसले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो संप पुढे कधी नीट मिटलाच नाही. तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर जी माणसे वळकटी घेऊन परतली, त्यांच्या रिकाम्या खिशाचा आवाज पेठेतील दुकानांतही ऐकू आला. ठाणेच्या ठाणे कापड येई त्या गिरण्या थंड झाल्या, मांजरपाट आणि लट्ठा मागणारे गिऱ्हाईक विरळ झाले, तयार कपड्यांचा जमाना आला, पुण्याचे रस्ते रुंद झाले आणि लग्नाचा बस्ता भोर ओलांडून पुढे जाऊ लागला. काही पेढ्यांनी काळ ओळखला. काहींच्या फळ्या एके सकाळी उघडल्याच नाहीत.

व्यापारी समाजात धंदा बसला की माणूस केवळ पैशाने बुडत नाही. तो लग्नसमारंभाला जाणे टाळतो, पर्युषणात मागच्या दाराने येऊन मागच्या दाराने जातो, मुलीच्या सोयरिकीचा विषय निघाला की गप्प बसतो. आणि आजूबाजूचे सहज बोलून जातात की हे त्याच्या कर्माचे फळ. कर्मसिद्धांताचा असा स्वस्त वापर जैन घरांत तरी होऊ नये. ज्या धर्माने ईश्वराच्या कृपेची वाट पाहण्याऐवजी जीवाच्या स्वतःच्या पुरुषार्थावर मोक्षमार्ग उभा केला, त्या धर्मात कर्म हे दुसऱ्याच्या माथी मारण्याचे लेबल कसे होऊ शकेल? बुडालेल्या व्यापाऱ्याला साधर्मिकांनी उसने भांडवल देण्यापूर्वी आणखी एक सोपी गोष्ट देता येते. त्याला हिशेबाचे, भांडाराचे, विद्यार्थ्यांच्या शिकवणीचे एखादे काम सोपवावे आणि ते त्याच्यावाचून अडले आहे असे त्याला खरोखर वाटू द्यावे. पाटील मास्तरांना साताऱ्याच्या पालकांनी आपली मुले विश्वासाने सोपवली, तेव्हा त्यांनी नकळत हेच केले होते.

भाऊरावांच्या वाटेवरील खड्डे मात्र कीर्तीनंतरही बुजले नाहीत. ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीने मुले माळरान फोडत होती, शेती करत होती, आपल्या शाळांच्या भिंती आपणच रचत होती. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. आणि लगेच, १९४८ च्या सुमारास, राजकीय मतभेदांतून मुंबई सरकारचे अनुदान थांबले. देश स्वतंत्र झाला, राज्य आपले आले, आणि साठी ओलांडलेल्या या वृद्धावर पुन्हा लोकांपुढे झोळी पसरण्याची वेळ आली. शेतकऱ्यांनी धान्य दिले, माजी विद्यार्थ्यांनी पगारातून पैसे दिले. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

१९५९ च्या जानेवारीत त्यांना पद्मभूषण किताब जाहीर झाला. त्याच वर्षी, मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. तोपर्यंत त्यांच्या संस्थेच्या शंभराहून अधिक माध्यमिक शाळा झाल्या होत्या आणि वसतिगृहांत हजारो मुले जेवत होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

जय जिनेंद्र.