बादलीतलं सुगंधी स्नान

आष्टी-पाटोद्यापासून केज-धारूरपर्यंत, बीड जिल्ह्यातल्या टँकरच्या गावांत उन्हाळ्यात आंघोळीचा हिशेब एका बादलीचा. तरी सुगंधी स्नान इथं नवं नाही. नरक चतुर्दशीला पहाटे कोमट तिळाचं तेल अंगभर चोळायचं, मग वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळदीचं उटणं.

दुकानातलं ‘बाथ सॉल्ट’ म्हणजे बहुधा मॅग्नेशियम सल्फेट किंवा समुद्री मीठ. ते टबात बसण्यासाठी. शॉवरखाली अंगावर टिकतच नाही. त्यापेक्षा घमेल्यात कोमट पाणी घ्यावं, मूठभर मीठ टाकून पाय बुडवावेत. टाचांना भेगा असतील तर मात्र झोंबेल. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यावरही हा उपाय नव्हे. मॅग्नेशियमनं फेस आणखी कमी होतो.

सुगंधी अर्कतेल पाण्यात विरघळत नाही. बादलीत टाकलेला थेंब तरंगतो, थेट कातडीला चिकटतो आणि आग होते. म्हणून दोन थेंब चमचाभर तिळाच्या तेलात मिसळून लावावेत.

निलगिरीचं तेल तान्ह्या मुलांच्या नाकातोंडाजवळ नेऊ नका. मधुमेह असल्यास पाय बुडवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि आंघोळ झाली की न्हाणीतली तेलकट फरशी लगेच धुऊन टाका.