काकू, झोप कशी लागते?



हैदराबादच्या अंबरपेठेतला माझा दवाखाना तीन भाषांत चालतो. तेलुगू पेशंट 'गुंडे दड' म्हणत येतात, दखनी बोलणारे 'दिल घबरारा' म्हणतात आणि आपल्या मराठी माणसांच्या छातीत धडधडतं. पुढचा प्रश्न मात्र तिघांचाही एकच, "गॅस तर नसेल ना?" 'मी उदास आहे' असं सांगत आलेला पेशंट मला क्वचितच भेटला.

एक काकू यायच्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत तीन ईसीजी, एक सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग बदलून दिल्या, तिसऱ्या खेपेला 'टेन्शन घेऊ नका' म्हणून मोकळा झालो. चौथ्या खेपेला बीपीचा पट्टा सोडता सोडता सहज विचारलं, "काकू, झोप कशी लागते?"

"लागते हो डॉक्टर. पण तीनला डोळा उघडतो. मग जिन्यात जाऊन बसते दूधवाला येईपर्यंत. घरच्यांची झोप कशाला मोडायची?"

हे चार महिने चाललं होतं. पित्तावरची गोळी तिथे काय करणार?

त्यानंतर मी दोन प्रश्न ठरवूनच टाकले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का? उदास, हताश वाटलं का? उत्तर 'हो' आलं तर नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही यादी काढायची. एकूण गुण २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासायचं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ पाहायचं, कारण थायरॉईड मंदावला तरी माणूस असाच मलूल होतो. पूर्वी कधी उलटं, म्हणजे झोपेविना दिवसच्या दिवस अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं का, हेही विचारायचं. तसं असेल तर औषध वेगळं लागतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे आम्हा डॉक्टरांचीही जीभ अडखळते. पण विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. बऱ्याचदा पेशंटला हायसं वाटतं, कुणीतरी विचारलं म्हणून. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं.

आता खरी अडचण. एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की पेशंट उठून जातो, पुण्यात येरवडा म्हटल्यासारखं. पण प्रत्येकाला तिथे जावं लागतच नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेनं २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला. २०१० साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेली, पण या कामाचं शिक्षण दिलेली स्थानिक माणसं पेशंटशी बोलत, पाठपुरावा करत. सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत सावरले. न मिळालेल्यांत ४२-४३ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

औषधांबद्दल एवढंच. झोपेची गोळी पहिल्याच रात्री गुण देते, म्हणून लाडकी. सवय लागते ती तिचीच. नैराश्यावरच्या गोळीची तशी चटक लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि लोक नेमकी तीच आठव्या दिवशी सोडतात. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो.

नैराश्यावरची गोळी सुरू केल्यावर काकू तीन आठवड्यांनी आल्या. आता पाचपर्यंत झोप लागते म्हणाल्या. जाता जाता दारातून विचारलंच, "गोळी बंद करू ना मग?"

म्हटलं, "काकू, बसा. आणखी सहा महिने तरी चालू ठेवायची आहे."