पोलंडच्या उन्हाळी अभ्यासवर्गाला कशासाठी जावे?

(शिष्यवृत्ती वितरण कार्यक्रमातील भाषण)



यंदा शिष्यवृत्ती समितीकडे पोलंडच्या उन्हाळी अभ्यासवर्गासाठी दोन अर्ज आले आहेत. बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "समाजाने पै-पै करून जमवलेला पैसा चार आठवड्यांच्या सहलीवर का घालायचा? आणि पोलंडच का?" प्रश्न रास्त आहे. २०१४ साली मी क्राकोव शहरात असा वर्ग केला होता, म्हणून उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

प्रथम कबूल करते की त्यात सहलीचा भाग आहेच. सकाळी भाषेचे तास, दुपारी इतिहास, कला व चित्रपट यांवर व्याख्याने, आणि सुटीच्या दिवशी व्येलिच्काची मिठाची खाण नाहीतर डोंगर. पोलिश भाषेत नामाच्या सात विभक्ती आहेत. वर्गातले अमेरिकन विद्यार्थी रडकुंडीला आले. मी मात्र शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेले असल्यामुळे तरले. चार आठवड्यांत भाषा येत नाही. दुकानात पाव मागता येतो, इतकेच.

खरे शिक्षण मिळाले ते इतिहासाच्या तासाला. क्राकोवचे यागियेलोनियन विद्यापीठ १३६४ साली स्थापन झाले. कोपर्निकस तेथे शिकला. पुढे रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वेळा पोलंडची वाटणी केली आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, तो देश नकाशावर नव्हता. रशियन अमलाखालच्या वॉर्सात पोलिश भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण मिळेना. मुलींना तर दार बंदच. तेव्हा १८८० नंतरच्या दशकात लोकांच्या राहत्या घरांत चोरून वर्ग भरू लागले. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा सारखी बदलायची, त्यावरून नाव पडले 'उडते विद्यापीठ'. मारिया स्क्वोदोव्स्का नावाची मुलगी तेथे शिकली. तीच पुढे पॅरिसला जाऊन मादाम क्युरी झाली. १८९८ साली तिने नव्या मूलद्रव्याला पोलोनियम हे नाव दिले, तेव्हा पोलंड नावाचे राज्य अस्तित्वातच नव्हते!

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच पाळी आली. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी एका जर्मन अधिकाऱ्याचे व्याख्यान ऐकायला म्हणून क्राकोवच्या प्राध्यापकांना बोलावले आणि १८३ जणांना तेथेच अटक केली. बहुतेकांची रवानगी साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत झाली; काही परत आलेच नाहीत. तरीही १९४२ पासून हे विद्यापीठ गुप्तपणे चालू झाले आणि सुमारे ८०० विद्यार्थी जीव धोक्यात घालून शिकले. पुढे पोप झालेले कारोल वोयतिवा त्यांतलेच. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुले. सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली ही माणसे. त्यांनी त्या छावणीतही शाळा चालवल्या.

हा इतिहास तिथला माणूस छाती फुगवून सांगतो, आणि सांगावाच. पण दुसऱ्या आठवड्यात आमच्या व्याख्यात्यांनी पडद्यावर एक जुने चित्र दाखवले. वॉर्सा विद्यापीठातील एका ज्यू वैद्यकीय विद्यार्थ्याची ती नोंदवही होती. तिच्यावर शिक्का होता : 'विषम क्रमांकाचे बाक'. म्हणजे वर्गात त्याने ठरावीक बाकांवरच बसायचे. हे जर्मनांनी केलेले नव्हे. स्वतंत्र पोलंडमध्ये १९३५ साली ल्वूफच्या तंत्रविद्यापीठात याची सुरुवात झाली आणि १९३७ मध्ये सरकारने विद्यापीठांना तशी मुभा दिली. अनेक ज्यू विद्यार्थी त्या बाकांवर बसायला तयार नव्हते. ते संपूर्ण तास उभे राहत. काही पोलिश प्राध्यापक व सहाध्यायी त्यांच्या बाजूने उभे राहिले. ल्वूफ विद्यापीठाचे कुलगुरू स्तानिस्वाव कुल्चिन्स्की यांनी आदेशावर सही करण्यापेक्षा जानेवारी १९३८ मध्ये राजीनामा दिला. असे लोक थोडे होते.

वर्गात वेगळे बसवणे म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवलेला विद्यार्थी कोण, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. मी व्याख्यात्यांना विचारले, "ज्यांच्या आजोबा-आज्यांनी पोलिसांना चुकवून शाळा चालवल्या, त्यांच्या नातवंडांना हे कसे सुचले?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "याचे उत्तर तासाभरात देता आले, तर ते खोटे असेल." मग त्यांनी मला ग्रंथालयात नेऊन पुस्तके काढून दिली.

त्याच शनिवारी आम्ही ऑशविट्झला गेलो. क्राकोवहून सुमारे ६५ किलोमीटर. तेथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांत जवळपास १० लाख ज्यू. ते कृत्य नाझी जर्मनीचे. त्याची आणि बाकांची सरमिसळ करू नये. सुरुवातीला, १९४० मध्ये, त्या छावणीत पोलिश राजकीय कैदीच कोंडले होते. पण युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते आणि त्यांतले सुमारे ३० लाख मारले गेले, हे वाचताना ते उभे राहिलेले विद्यार्थी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. क्राकोवच्या जुन्या घेट्टोच्या चौकात आज मोठमोठ्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. तिथे मी बराच वेळ बसून राहिले.

तेव्हा ज्येष्ठ सदस्यांना माझे नम्र उत्तर असे. जो विद्यार्थी नुसते किल्ले आणि चर्च पाहून येणार असेल, त्याला पैसे देऊ नयेत. अर्जदारांची मुलाखत घ्या आणि उडते विद्यापीठ व बाकांचा शिक्का, दोन्हींविषयी विचारा. ज्याला दोन्ही वाचायचे आहे त्याला जरूर पाठवा.

दोन्ही अर्जदारांना व्यवहाराचे थोडे सांगते. तिथला उन्हाळा म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट, ऐन कॉलेजचे दिवस. हजेरीसाठी प्राचार्यांचे पत्र आधी घ्या. माझे वीस दिवस बुडाले आणि परीक्षेला बसताना त्रास झाला. पासपोर्ट नसेल तर उद्याच अर्ज करा, व्हिसाला वेळ लागतो. स्वस्तात जेवायचे तर 'बार म्लेच्नी' ही पाटी शोधा. तेथे करंजीच्या आकाराचे उकडलेले प्येरोगी मिळतात, बटाट्याचेही असतात. आणि मराठी-पोलिश शब्दांची माझी वही आहे, ती आज कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडून घेऊन जा.