मोकळा गळा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावूर राजवाड्याच्या परिसरात केलेले भाषण)



गाण्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझा गळा एकदा पुरता बसला होता. मंडळाच्या गणेशोत्सवात आरत्या धरण्याचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी तार षड्जाशी येताच आवाज फाटला, तो परतेना. हळदमिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. गिळलेले पाणी अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना स्पर्शही करीत नाही, हे तेव्हा कोणास ठाऊक! मी कुजबुजत बोलू लागलो, तीही चूकच होती. कुजबुजण्याने गळ्यास विश्रांती मिळत नाही, उलट ताण पडू शकतो.

तीन आठवडे लोटल्यावर घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. स्वरतंतू निरोगी होते. दोष माझ्या आवाज लावण्याच्या रीतीत होता. त्यांनी सांगितलेला उपाय ऐकून घरी हशा पिकला. पेल्यात पाणी घ्यावे, शीतपेयाची नळी त्यात दोन बोटे बुडवावी आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढावे! पण त्यामागे शास्त्र आहे. नळीमुळे तोंडात हवेचा उलटा दाब निर्माण होतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलकेच कंप पावतात. दुसरा उपाय जांभईचा. जांभई देताना स्वरयंत्र खाली उतरते, घसा रुंदावतो. त्याच स्थितीत वरच्या स्वरावरून सुस्कारा टाकीत खाली यावे. कचेरीत मात्र हा अभ्यास करू नये, हे स्वानुभवाने सांगतो.

या उपायांचे नवल मला इथल्या एका वृद्ध कीर्तनकारांनी वाटू दिले नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत ते राहत. आपल्या तंजावुरी मराठीत ते मला म्हणाले, की गुरूंनी पहाटे तंबुऱ्याशी ओठ मिटून नुसता गुंजारव करविला, तोंड उघडू दिले ते फार उशिरा. त्यात तथ्य आहे. १८६४ च्या सुमारास रामचंद्रबुवा मोरगावकर येथे आले. त्यांच्या मराठी कीर्तनाचा संस्कार घेऊन तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता, आणि कीर्तनकाराला तासन्‌तास बोलायचेही असे आणि गायचेही. गळा आवळून हे निभले नसते. हा नायककालीन संगीत महालच पाहा. येथे ओरडण्याचे कारणच नाही.

मी बुवांना विचारले, 'वरचा सा केव्हा परतेल?' ते म्हणाले, 'तो गेला कुठे? तुम्ही हनुवटी वर करून त्याला धरू पाहता.' तेव्हापासून हनुवटी खाली, जबडा सैल, जीभ खालच्या दातांशी, एवढेच पाहतो. घसा खाकरण्याचीही सवय सोडली.

यंदा आरती काळी दोनऐवजी पांढरी एकमध्ये धरली. काही सभासदांना ती खाली वाटली, तसे त्यांनी सांगितलेही. परंतु शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत आवाज टिकला, आणि मखरामागे ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याकडे मला एकदाही जावे लागले नाही.