मोफत शाळा कोणी मागितली?
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सर्वांसाठी मोफत शाळा कोणामुळे आली, याबद्दल त्या देशाची पाठ्यपुस्तके कित्येक दशके मौन पाळून होती. ते मौन फोडणारे विद्वान म्हणजे डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस (१८६८–१९६३).

फिस्क विद्यापीठात शिकत असताना उन्हाळ्याच्या सुटीत ते टेनेसीमधील एका खेड्यात मास्तर झाले. शाळा म्हणजे मका साठविण्याची ओंडक्यांची झोपडी. मास्तरांची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली. तीही रोज रात्री परत द्यावी लागे! १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले, तरी ही झोपडी त्यांच्या नजरेआड झाली नाही. अटलांटा विद्यापीठात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या शाळांची शास्त्रीय पाहणी केली.

१९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात त्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला. गुलामगिरीच्या काळात अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकविणे हा गुन्हा होता. कर भरून गरिबांची मुले शिकवावीत, अशी मळेवाल्यांना मुळीच इच्छा नव्हती. गरीब गोऱ्यांची मुलेही त्यामुळे निरक्षर राहत. मुक्त झालेल्या गुलामांनी मात्र जमिनीबरोबर शाळा मागितली. १८६८ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या घटना परिषदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत होते. त्या परिषदेने वर्णभेद न करता सर्व मुलांना खुल्या असणाऱ्या सार्वजनिक शाळांची तरतूद केली. म्हणजे गोऱ्या कष्टकऱ्याच्या मुलालाही शाळेचे दार कालच्या गुलामांनी उघडून दिले! ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात ड्यू बॉइस यांनी पाठ्यपुस्तकेच तपासली आणि कृष्णवर्णीयांना आळशी, अज्ञानी व भ्रष्ट ठरविणारा त्यांतील इतिहास उघडा पाडला.

त्याच वर्षी त्यांनी स्वकीयांनाही न रुचणारा एक मुद्दा मांडला. गोऱ्या मुलांशेजारी नुसते बसविल्याने शिक्षण होत नाही. जिथे मुलाचा तिरस्कार होतो ती शाळा मिश्र असूनही निरुपयोगी ठरते. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

या विद्वत्तेची किंमत त्यांना मोजावी लागली. १९४४ मध्ये अटलांटा विद्यापीठाने त्यांना इच्छेविरुद्ध निवृत्त केले. १९५१ मध्ये शांतता चळवळीतील कामाबद्दल, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांच्यावर परकीय हस्तक म्हणून खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्यांना मुक्त केले, पण ज्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांसाठी ते झिजले, त्यांतील अनेकांनी त्यांना व्याख्यानाला बोलावणे सोडून दिले.

१ ऑक्टोबर १९६१ रोजी, ९३ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. पक्षाने कशासाठी झगडावे याची यादी त्या पत्रात आहे. तीत सहावी मागणी सर्वांना मोफत शिक्षणाची आहे.