रहस्यपटाची सुरुवात आणि नावांची यादी



कामगार संघटनेच्या माणसाने सिनेमावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण सिनेमा हाही एक कारखानाच आहे. आणि कोणत्याही कारखान्यात शिरलो की आम्ही दोन गोष्टी प्रथम पाहतो. कोणाला काय ठाऊक आहे, आणि हजेरीपटावर कोणाची नावे आहेत. रहस्यपटाची सुरुवात समजून घ्यायला हेच दोन प्रश्न पुरतात.

आपल्या मुंबईचा 'वो कौन थी' घ्या. साल १९६४, दिग्दर्शक राज खोसला, छायालेखन के. एच. कापडिया यांचे. पावसाळी रात्र, एकटा डॉक्टर मोटार चालवतो आहे. वाटेत पांढऱ्या साडीतली बाई उभी दिसते. तो तिला गाडीत घेतो आणि काचेवरचे वायपर बंद पडतात. त्याला पुढचे काही दिसेना. बाई मात्र वाट सांगते. गाडी थांबते ती कबरस्तानाशी! पाण्याने भरलेली ती काच त्याचीही नजर अडवते आणि आपलीही. त्याच्याहून अधिक आपल्याला काहीच ठाऊक नसते.

आता याच्या उलट प्रकार पाहा. ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हल' या अमेरिकन चित्रपटातही आरंभी मोटारच आहे. पण पहिल्याच क्षणी दिसतो तो एका हातातला टाइमबॉम्ब. तो माणूस बॉम्ब मोटारीच्या डिकीत ठेवून पळतो. एक जोडपे येऊन गाडीत बसते. मग कॅमेरा क्रेनवरून उंच चढतो, रस्त्यात उतरतो, पायी चालणाऱ्या दुसऱ्या एका जोडप्याबरोबर चालू लागतो, सरहद्दीच्या चौकीशी थांबतो. तीन मिनिटांहून अधिक काळ हा एकच शॉट चालतो, मध्ये कोठेही तोड नाही. तोड असती तर वेळेचा हिशेब आपल्या हातून सुटला असता. तोड नाही, म्हणून बॉम्बचे घड्याळ आपल्याही छातीत चालते.

पहिल्या चित्रपटात न कळल्याची भीती आहे. दुसऱ्यात कळूनही सांगता न येण्याची. नीरेच्या कालव्यावरच्या साखर कारखान्यांत राबणाऱ्याला ही दुसरी भीती समजावून सांगायला नको. हंगाम लवकर आटोपणार हे ज्याला आधी कळले, आणि जो निर्धास्तपणे आपली पाळी करतो आहे, त्या दोघांची रात्र सारखी जात नाही.

आता नावांचे. वेल्स यांच्या त्या शॉटवरच स्टुडिओने नामावळी छापली. डोळा नावे वाचू लागला की मोटार नजरेतून सुटते. स्टुडिओने केलेल्या जुळणीवर वेल्स यांनी १९५७ मध्येच ५८ पानांचे टिपण लिहिले होते. ते १९८५ मध्ये वारले. त्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये चित्रपट पुन्हा जुळवला गेला, तेव्हा नावे शेवटी गेली आणि शॉट मोकळा झाला. कलेच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

पण आम्हांला येथे एक गोष्ट खटकते. अशा शॉटमध्ये क्रेन हलवणारा, दिवे सांभाळणारा, फोकस धरणारा, यांपैकी एकाचा हात चुकला तर सारे पहिल्यापासून करावे लागते. त्या काळच्या आरंभीच्या नामावळीत यांतल्या बहुतेकांना जागाच नसे. आता शेवटी लांबलचक यादी येते, तेव्हा आपण चपला शोधत असतो. पूर्वी वाचणारे होते, नाव नव्हते. आता नाव आहे, वाचणारे नाहीत.

१९८१ मध्ये आपल्याकडे कायदा झाला आणि चित्रपट कामगाराशी लेखी करार करण्याचे बंधन निर्मात्यावर आले. कागदावर नाव असले म्हणजे मजुरी मागता येते. पडद्यावरच्या नावाने मजुरी वाढत नाही. पण केलेल्या कामाची चारचौघांत ओळख होते. ती देणे कोणत्याही कायद्याच्या हाती नाही.

चांगल्या शॉटवर नावे चढवू नयेत, हे आम्ही मान्य करतो. मात्र मग प्रेक्षकांनीही आपली बाजू सांभाळावी. बारामतीचे थेटर असो, इंदापूरचे असो की जत्रेतला तंबू असो, शेवटचे नाव जाईपर्यंत जागेवर बसावे, आणि थेटरवाल्यांनीही तोवर खेळ बंद करू नये. दोन-चार मिनिटांचाच प्रश्न आहे.