ध्रुवतारा दोन मुठींवर

जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्यांनो, खगोलशास्त्राच्या प्राथमिक परीक्षेचा अभ्यास स्वतःचा स्वतः करता येतो. मात्र आधी आकाश, मग पुस्तक. उत्तरेला ध्रुवतारा शोधा. हात ताणून मूठ धरा. एक मूठ म्हणजे सुमारे 10 अंश. ध्रुव क्षितिजापासून जवळपास दोन मुठी वर दिसेल. आपला अक्षांशही सुमारे 19 अंशच आहे; ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. नियम असा हाताला कळला, की घोकावा लागत नाही.

कुणी म्हणेल, दुर्बीण नाही, शिकवणी नाही. या मोजमापाला दोन्ही लागत नाहीत. पावसाळ्यात ढग असतात, हे खरं. तेव्हा पुस्तक उघडा. त्यात कळेल, की रेडिओ लहरी ढगांतून पार होतात. म्हणून आपल्या खोडदची रेडिओ महादुर्बीण ढगाळ दिवसांतही आकाश न्याहाळते. पण तुमच्यासाठी आधी आकाश, मग पुस्तक. आज रात्री उत्तरेकडे मूठ धरून पाहाच.